चौथा रकाना

गेल्या १६ डिसेंबरला आमच्या भागातल्या तरुण मंडळाने विजय दिवसाचा कार्यक्रम ठेवला होता. शाळेच्या पटांगणात मांडव, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, दोन्ही बाजूंना कर्णे आणि दुपारपासून देशभक्तीची गाणी. एकाहत्तरच्या लढाईत असलेला एक माणूस आपल्याच गल्लीत राहतो हे पोरांना त्याच आठवड्यात कळलं होतं. कळल्यावर ती आनंदाने काकांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊन आली. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. निवेदकाने आवाज चढवून ओळख करून दिली, शत्रूला कंठस्नान घालणारे, सोलापूरच्या मातीचे वीर सुपुत्र. टाळ्या पडल्या. काका काठी टेकत उठले, माइक तोंडापासून जरा लांब धरून म्हणाले, "सलाम. मी नर्सिंग असिस्टंट होतो. हत्यार होतं ते जखमींच्या आणि माझ्या रक्षणापुरतं, ते चालवायची वेळ आली नाही. मी जखमी जवान बांधून पुढच्या ठिकाणी पाठवायचो. त्यातले किती जगले ते मला माहीत नाही." एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मग कुणीतरी घाईने गाणं लावलं आणि पुढचा सत्कार सुरू झाला.

ते शेवटचं वाक्य मला सोडेना.

काका आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा मी शाळेत होते. १९६६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते फौजेत गेले, लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात शिकले आणि १९८३ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गल्लीने त्यांना आल्या आल्या मेजर करून टाकलं. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ते दर वेळी "हवालदार" म्हणून दुरुस्त करायचे आणि समोरचा मान डोलावून पुन्हा "या मेजर" म्हणायचा. आम्ही मुलं मात्र काका म्हणत आलो. गल्लीत तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, काही कानडी घरं, दोन मुसलमानांची आणि अगदी कोपऱ्यावर काकांचं, दारावर नाताळचा कागदी तारा वर्षभर लटकणारं. मागच्या बोळात यंत्रमाग होते. त्यांची खटखट रात्रंदिवस चालायची आणि वीज जाऊन ती थांबली की आम्हाला जाग यायची. काका मात्र खटखट असो वा नसो, पहाटे साडेचारला उठलेले असत. अंगणात बादलीवर बादली ओतल्याचा आवाज, मग खोकला, मग खालच्या पट्टीत एखादं भजन. चाल ओवीची किंवा अभंगाची. माझी आजी म्हणायची, ह्यांचा देव वेगळा आहे पण चाल आपलीच आहे की.

काकूंनी मला पहिल्यांदा चर्चमध्ये नेलं. त्या मिशनच्या बालवाडीत शिकवायच्या आणि नाताळच्या नाटुकल्यात मेंढरं कमी पडली की गल्लीतली पोरं गोळा करायच्या. आमच्यापैकी कितीतरी जण, कुठल्याही धर्माचे, बेथलेहेमच्या गोठ्यात मेंढरू होऊन आलेले आहेत. त्या वेळचा वास अजून नाकात आहे. ट्रंकेतून काढलेल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा, फरशीला फिनाईलचा, बायकांच्या वेण्यांतल्या अबोलीला वास नसतो पण शेजारच्या मोगऱ्याला असतो तो, आणि या सगळ्यावर वितळणारं मेण. अमेरिकन मराठी मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आली, शाळा काढल्या. काकांची आजी त्यांतल्याच एका शाळेत अक्षरं शिकली. तीन पिढ्यांचं हे मराठी ख्रिस्तीपण त्यांच्या घरात करंज्या आणि अनारशांइतकं साधं होतं. कापणीच्या सणाला मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समाजातली, खेड्यावरची माणसं जोंधळ्याची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, एखादी कोंबडी घेऊन यायची. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. पाच रुपयांचा भोपळा काका हटकून पन्नासला घेत आणि बाहेर पडल्यावर ज्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त, त्याच्या पिशवीत टाकत.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी जायचे. खिडक्या उघडायच्या, गुडघे बरे असलेल्यांसाठी पुढे सतरंजी, म्हाताऱ्यांसाठी मागे बाकं, आणि दाराशी पाण्याचा माठ. सोलापुरात पाण्याचा माठ ही साधी गोष्ट नाही. चार-पाच दिवसांआड नळ येतो आणि तोही रात्री-अपरात्री. उजनीत पाणी असलं तरी आमच्या पिंपात असेलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून ते रस्त्याच्या बाजूला रांजण ठेवत. हमाल, विडी कारखान्यातून परतणाऱ्या बायका, रिक्षावाले, शेजारच्या मशिदीतून निघालेली माणसं, सगळी तिथं थांबून पाणी प्यायची. रांजण रिकामा होण्याआधी भरायचा हा त्यांचा नियम होता. चर्चच्या पंचकमिटीवर घ्यायला लोक वर्षानुवर्षं मागे लागले पण ते कधी उभे राहिले नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत मंडळीत दोन तट पडत, मोठ्याने बोलणं होई, तेव्हा काका माठ घासत असत. ते बरोबर होतं का, याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. चांगली माणसं माठ घासत राहिली की कारभार दुसऱ्यांच्या हातात जातो, हेही मी पाहिलं आहे.

लढाईबद्दल ते बोलत नाहीत असा गल्लीचा समज होता. तो खरा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते द्यायचे, फक्त प्रश्न चुकीचे असत. किती मारले, रणगाडा पाहिला का, भीती वाटली का. गेल्या डिसेंबरनंतर मी जाऊन बसले आणि विचारलं, काका, तुमचं काम नेमकं काय होतं? तेव्हा ते तास-दीड तास बोलले. त्यांची फील्ड ॲम्ब्युलन्स शकरगढच्या आघाडीवर, जम्मूकडच्या सांब्याच्या बाजूला होती. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, ती एक अख्खी पलटण असते, डॉक्टर, सहायक, स्ट्रेचर उचलणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर मिळून. लढणाऱ्या पलटणीच्या मागे तिचा स्वतःचा डॉक्टर जखमीला पहिल्यांदा पाहतो. तिथून तो स्ट्रेचरवर किंवा जीपवर काकांच्या ठिकाणी यायचा. रक्त थांबवायचं, मोडलेल्या हाडाला फळी बांधायची, सलाईन लावायचं, गरम चहा पाजता येत असेल तर पाजायचा, पोटात जखम असेल तर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. मॉर्फिया दिलं की जांभळ्या पेन्सिलीने कपाळावर इंग्रजी एम काढून वेळ लिहायची, म्हणजे पुढचा माणूस चुकून दुसरा डोस देणार नाही. मग एक कार्ड भरायचं, नंबर, नाव, पलटण, काय झालं, काय दिलं. ते शर्टाच्या गुंडीला बांधायचं आणि गाडीत चढवायचं. गाडी मागच्या इस्पितळाकडे जायची. तोवर पुढचा स्ट्रेचर दारात असायचा.

शकरगढच्या त्या पट्ट्यात सुरुंग दाट पेरलेले होते. त्यामुळे पायाच्या जखमा फार. "टाच नसायची, पोरी. बूट असायचा आणि टाच नसायची." डिसेंबरातली पंजाब-जम्मूची थंडी, तंबूत कंदील झाकून ठेवलेला, आणि रक्त लागलेली घोंगडी सकाळी लाकडासारखी ताठ झालेली. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, त्र्याण्णव हजार जण युद्धकैदी झाले, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्याच दिवशी पश्चिमेला बसंतर नदीच्या काठी लढाई ऐन भरात होती. एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी तिथं पडला. युद्धबंदी झाली ती १७ तारखेच्या रात्री आठला. म्हणजे आपण ज्या दिवशी फटाके वाजवतो तो दिवस काकांच्या आयुष्यातल्या सर्वांत लांब दिवसांपैकी एक होता. ढाक्याची बातमी त्यांना कुणीतरी स्ट्रेचर उचलता उचलता सांगितली. त्यांनी ऐकली आणि पट्टी आवळली. युद्धबंदीनंतरही सुरुंगांनी पाय नेलेले जवान येत राहिले. त्यांत एक पाकिस्तानी जखमीही होता. त्याला तसंच बांधलं, तसंच कार्ड भरलं, तसाच चहा दिला. नियमच तो आहे, जखमी कुणाचाही असो, त्याच्या जखमेचा क्रम लावायचा, गणवेशाचा नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते पुढच्या वाक्यात. "त्याचंही पुढे काय झालं, कळलं नाही."

कारण साखळीच तशी असते. प्रत्येकाच्या हातात जखमी थोडा वेळ असतो आणि मग पुढच्याच्या हातात जातो. मागून निरोप येत नाही. कुणी सांगायला येत नाही की तो पठाणकोटला पोचला, त्याचा पाय वाचला, तो रस्त्यात गेला. काकांनी किती जणांना बांधलं याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही, पण चेहरे ठेवले. पंजाबी, गढवाली, मराठी बोलणारे दोघंतिघं. एकजण साताऱ्याकडचा, काकांनी मराठीत विचारलं तर रडायलाच लागला, आईला कळवू नका म्हणाला. गाडी गेली. पुढं कोरं.

एकदा त्यांनी शोध घेऊन पाहिला होता. लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी त्यांची पुण्याला बदली झाली. पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. सुटीच्या दिवशी काका तिथं जाऊन बाकावर बसायचे. लाकडी पाय लावून दांड्यांना धरून चालायचा सराव करणारे जवान बघायचे. एका दुपारी त्यांना वाटलं, हा आपला. तीच हनुवटी, कानामागे तीच खूण. जाऊन विचारलं, शकरगढ? तो हो म्हणाला. कोणत्या रात्री, कुठल्या तंबूत, काही त्याला आठवत नव्हतं. "तुम्हीच असाल, साहेब," असं तो म्हणाला खरा, पण काकांना कळलं की तो त्यांचं मन राखण्यासाठी म्हणतोय. दोघांनी कँटीनमध्ये चहा घेतला. "तो असेल नाही तर नसेल," काका मला म्हणाले, "पण चांगला चालत होता."

पेन्शनवर आल्यावर त्यांनी एका कापड दुकानात पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि संध्याकाळी सिव्हिलला जायला लागले. मंडळीतलं कुणी आजारी असलं की पाळकसाहेबांबरोबर भेटीला जायची पद्धत असतेच. पाळकसाहेब प्रार्थना करून निघत, काका मागे राहत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पाणी हवं असे. त्याच्या शेजारच्याला घरी निरोप पाठवायचा असे. सिव्हिलमध्ये फक्त सोलापूरचा आजारी नसतो. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, पार कर्नाटकातल्या इंडी-आळंदपर्यंतचा माणूस तिथं येतो, आणि त्याच्याबरोबरचा नातेवाईक दोन दिवसांत पैसे संपून गावाकडे गेलेला असतो. काकांनी एक वही केली. लांबट, पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. पहिल्या रकान्यात नाव आणि खाट, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात काय झालं. चौथ्याला शीर्षक होतं, पुढे काय झालं. तो चौथा रकाना भरल्याशिवाय ते ओळीवर काट मारत नसत. माणूस बरा होऊन घरी गेला तर एसटीत बसवून येत आणि दोन आठवड्यांनी पोस्टकार्ड टाकत. पुढे फोन आले तेव्हा फोन करत. माणूस गेला आणि न्यायला कुणी आलं नाही, तर ज्याचा जो धर्म तसं होईल याची खटपट करत. मौलवींकडे जात, स्मशानात जात, आणि ख्रिस्ती असला तर दफनभूमीत स्वतः फावडं घेऊन उभे राहत.

१९९३ चा सप्टेंबर सोलापुरात कुणी विसरलेलं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं. ३० तारखेच्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भांडी वाजली, माग बंद असूनही जमीन हलली, आणि आम्ही सगळे चादरी गुंडाळून रस्त्यावर आलो. उजाडेपर्यंत किल्लारी, सास्तूर ही नावं तोंडोतोंडी झाली. उमरग्याच्या रस्त्याने ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर भरून जखमी यायला लागले. सुमारे दहा हजार माणसं त्या पहाटे मातीच्या धाब्यांखाली गेली होती. काका तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही. जुनी खाकी पँट चढवली, मुलाची रंगीत पेन्सिल खिशात टाकली आणि सिव्हिलला गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, आम्हा मुलामुलींना चहा-बिस्किटं वाटायला नेलं होतं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पोर्चमध्ये फरशीवर माणसं ओळीने झोपवलेली. केसांत, पापण्यांवर, दातांत माती. काका ओळीतून वाकत जात होते, दंडावर नाव आणि गाव लिहीत होते, शुद्धीत नसेल तर ज्या ट्रकमधून आला त्याचं गाव लिहीत होते. मग बाहेर फाटकाशी वही घेऊन बसले. तिथं बाप मुलगी शोधत होता, भाऊ भाऊ शोधत होता, आणि काका बोट फिरवत सांगत होते, होळीची आहे, तिसऱ्या वॉर्डात, पाय मोडलाय, बोलते. कितीतरी लोकांना त्या दिवशी पहिली बातमी त्या वहीतून मिळाली. पुढचे अनेक महिने चौथा रकाना भरण्यासाठी ते सुटीच्या दिवशी एसटीने पत्र्याच्या शेडांच्या वसाहतींत जात.

त्या वहीत एक ओळ माझ्या वडिलांची आहे.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंग्यावर घराचं घड्याळ चाले. मिल बंद पडल्यावर ते काही वर्षं यंत्रमागावर गेले. पण कापसाच्या धुळीने छाती आधीच गेली होती. शेवटच्या आजारात त्यांना सिव्हिलला ठेवलं तेव्हा मी पुण्यात होते, परीक्षेत. आईने मला कळवलं नाही, वडिलांनीच बजावलं होतं. मी आले तेव्हा सगळं झालेलं होतं. घरातल्यांनी सांगितलं, शांतपणे गेले. सगळेच तसं सांगतात. मला ते पुरत नव्हतं. दहाव्या दिवसानंतर काका आले, वही उघडली आणि चष्मा लावून वाचलं. रात्री साडेअकराला दम वाढला. पाठीशी उशी दिली. साडेबाराला थोडं बोलले, मिलमधल्या कुणा मुकादमाबद्दल. दोनला मुलगी कुठल्या गाडीने येते असं विचारलं. सकाळच्या गाडीने असं सांगितलं. अडीचला पाणी मागितलं, दोन चमचे दिलं. चारला पाच कमी. हात माझ्या हातात होता. त्यांनी वाचून वही मिटली, माझं सांत्वन वगैरे केलं नाही. मला त्या रात्रीचा प्रत्येक तास मिळाला. आज इतक्या वर्षांनंतरही वडिलांची आठवण आली की मी त्या तासांतून चालून जाते, आणि शेवटी कुणाचातरी हात असतो. मला हे ज्याने दिलं त्या माणसाने परवा मांडवात उभं राहून सांगितलं की त्याच्या स्वतःच्या माणसांचं पुढे काय झालं ते त्याला माहीत नाही. म्हणून ते वाक्य मला झोपू देत नव्हतं.

मी त्यांना विचारलं, ही सगळी सेवा त्या लढाईमुळे का? ते म्हणाले, नाही, प्रभूमुळे. मग थोडं थांबून म्हणाले, "चांगल्या शोमरोन्याचा दाखला ठाऊक आहे ना तुला?" ठाऊक होता, काकूंनी बालवाडीत सांगितलेला. वाटेवर लुटून टाकलेला माणूस, दोघे बघून निघून जातात, तिसरा, परका, थांबतो, जखमा बांधतो, गाढवावर घालून धर्मशाळेत नेतो. "सगळे संदेश देणारे तिथंच थांबतात," काका म्हणाले. "जखमा बांधल्या, झालं. पण तो धर्मशाळेच्या मालकाला पैसे देताना काय सांगतो? जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. परत येईन म्हणतो तो. बांधायचं काम मी फौजेत केलं. परत जायचं तेवढं राहिलं होतं." एवढा दाखला मी आयुष्यभर ऐकत आले, मला ते परत येणं कधी दिसलं नव्हतं.

मांडवातल्या पोरांना मी दोष देत नाही. शाळेत त्यांना लढाई शिकवली ती तारखांची आणि विजयाची. जखमी मागे कसा नेतात, कोण नेतं, हे कुणी शिकवलंच नाही. पण मला राग आला तो घाईने लावलेल्या गाण्याचा. ज्या गावाचा युद्धातला सर्वांत मोठा माणूस डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आहे, जो १९३८ साली चीनला गेला, तिथल्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला, त्या गावाला तरी पट्टी बांधणाऱ्या हातासमोर टाळी कशी वाजवायची हे कळायला हवं. चार वाक्यांत काकांनी जे सांगितलं त्यासाठी सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायला हवं होतं.

काकूंची बाजू वेगळी आहे, आणि ती मी लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. शेंगा भाजता भाजता त्या म्हणाल्या, "मोठ्याच्या वेळी मी अडले होते, तेव्हा हे सीमेवर. धाकटीच्या वेळी लखनौला. म्हटलं पेन्शन आली की घरात बसतील. तर सिव्हिल. मला एकदा टायफॉइड झाला तर ह्यांनी माझ्या उशाशी बसून वही लिहिली. मी म्हटलं, मला पण लिहूलालाय का त्यात?" हसल्या, पण कढईतलं उलथणं जोरात आपटलं. मुलगा पुण्यात असतो. फोनवर माझ्याशी बोलताना एकदा म्हणाला, "बाबांना उमरग्याच्या कुणाचा पाय कधी बरा झाला ते तारखेसकट माहीत असतं. माझं दहावीचं बोर्ड कोणत्या वर्षी होतं ते विचार." मी त्याला माझ्या वडिलांच्या रात्रीबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुला मिळाले ना ते. चांगलं झालं." त्यात कडवटपणा नव्हता, पण हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. परक्याला दिलेला वेळ घरातूनच येतो. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वराच्या, जत्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या होम मैदानावर यायच्या, बाराबंदीतली माणसं "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" म्हणत त्या तोलायची, सगळं सोलापूर तिथं लोटायचं, आणि काका प्रथमोपचाराची पेटी घेऊन हरवलेल्या पोरांच्या तंबूत बसायचे. पोराची आई येईपर्यंत हलायचे नाहीत. त्यांची स्वतःची मुलं त्या वेळी काकूंचं बोट धरून पाळण्यांच्या रांगेत असायची.

करोनात त्यांना आम्ही घरातून बाहेर पडू दिलं नाही. वय त्र्याहत्तर, साखर. २०२० च्या एप्रिलमध्ये शहरातला पहिला रुग्ण सापडला आणि बघता बघता पेठांमध्ये बांबू आडवे लागले. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नाही. आत गेलेल्या माणसाचं काय चाललंय ते बाहेर कुणाला कळत नाही. काकांनी हा काळ सर्वांत जास्त अंगाला लावून घेतला. खिडकीशी खुर्ची, मांडीवर वही, कानाला फोन. ओळखीच्या सिस्टरबाई, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, सगळ्यांना ते फोन करत. ड्युटी संपलेल्या माणसाला दमवू नका असं काकू म्हणत, तरी करत. आणि जे कळेल ते घरच्यांना सांगत. वाईट असलं तरी सांगत. खोटा धीर द्यायचा नाही हा त्यांचा कडक नेम. एका बाईला त्यांनी नवरा गेल्याचं सांगितलं तेव्हा ती फोनवर ओरडली, तुम्हाला काय अधिकार. काका पुढच्या आठवड्यात पुन्हा तिला फोन करून विचारत होते, जेवण जातंय का.

आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, गुडघे जिना चढू देत नाहीत. मंडळीतली दोन तरुण मुलं आणि आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला, नमाजी माणूस, असे तिघं वहीवर जातात. गुरुवारी मी जाते. पहिल्याच दिवशी काकांनी माझं अक्षर तपासलं, गाव लिहिताना तालुकाही लिही म्हणाले, एकाच नावाची तीन गावं असतात. एकदा मी 'बरी आहे' असं लिहून ओळ संपवली तर त्यांनी ती खोडायला लावली. बरी म्हणजे काय, चालते का, कोण आणतं औषध, घरी चूल कोण पेटवतं.

सध्याच्या पानावर कुंभारीच्या विडी वसाहतीतल्या एक आजी आहेत. खुबा मोडलाय, तेलुगू बोलतात, मराठी तुटक. शनिवारी घरी सोडणार असं म्हणतात. सून कामावर जाते आणि नळ कोणत्या दिवशी येतो ते आजींना सांगता येत नाही. उद्या तिथं जाऊन शेजारच्या घरात विचारायचं आहे, रिक्षा आमचा नमाजी देणार आहे, आणि काकांनी दोनदा बजावलं आहे की संडासापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजून ये.